कोकणकडा आणि तीन तिपाया

आमच्या माजघराच्या कोपऱ्यात सध्या तीन तिपाया उभ्या आहेत, आणि त्यांवरून घरातील लहानथोर सर्वच आमची थट्टा करितात. वहिनींचे म्हणणे असे की, एवढ्या पायांवर एखादा मांडव सहज उभा राहिला असता. सौभाग्यवती अधिक व्यवहारी असल्यामुळे तिसरीच्या किंमतीचा तेवढा उच्चार करितात आणि गप्प बसतात. तिपाई म्हणजे कॅमेरा ठेवावयाची तीन पायांची घोडी. दुकानात तिला ट्रायपॉड म्हणतात. निवृत्त शाळामास्तराच्या घरी ही वस्तू एकास तीन कशी झाली, ह्याची हकीकत सांगण्यास थोडासा संकोच वाटतो. कारण तीत आमच्या शहाणपणाचा भाग थोडका आहे. परंतु अलीकडे प्रत्येक घरातून कोणी ना कोणी कॅमेरा गळ्यात अडकवून हिमालयात नाही तर कोकणात निघालेला असतो. आमच्या दोन चुका वाचून त्याचा पैसा आणि पाठ ही दोन्ही वाचली, तर हा संकोच सोसण्यास आम्ही तयार आहो.

मूळ गोष्ट आमच्या वडील बंधूंपासून निघते. घरात त्यांना सर्व जण दादा म्हणतात. १९६४ साली, कॉलेजात असता, दादा चार मित्रांबरोबर हरिश्चंद्रगड चढून गेले आणि कोकणकड्यावर त्यांनी एक संध्याकाळ घालविली. पुढे आमचे तीर्थरूप अकाली गेले. संसाराचे जू एकविसाव्या वर्षी दादांच्या मानेवर आले. आमची मॅट्रिकची फी, दोघी बहिणींची लग्ने, गावाकडील कज्जा, असे एकामागून एक निघत गेले आणि गडावर पुन्हा जाणे झाले नाही ते नाहीच. पण ती संध्याकाळ मात्र आमच्या घरात साठ वर्षे राहिली आहे. पंगतीत कोणी महाबळेश्वरचे कौतुक करू लागला की दादा ताटावरून मान वर न करिता म्हणावयाचे, "तुम्ही कोकणकडा पाहिला नाही." विषय तेथे संपत असे.

२०२१ साली दादांच्या डोळ्यांस विकार जडला. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत जातो आणि समोर पाहावे तेथेच काळा डाग दिसतो. कडेचे मात्र दिसत राहते. डॉक्टरांनी सांगितले की, आहे हे वर्ष-दोन वर्षे टिकेल, पुढचे सांगवत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर दादांनी आमच्याजवळ आजवरच्या आयुष्यात प्रथमच काही मागितले. आमच्या निवृत्तीच्या वेळी पुतण्याने आम्हांस एक चांगला कॅमेरा दिला होता. दादा म्हणाले, "त्या यंत्रातून एकदा कोकणकडा आणून दाखव. दिवसाचा नको. सूर्य बुडाल्यावरचा."

ही शेवटची चार अक्षरेच आम्हांस पुढील दोन वर्षे नडली.

नाशिकहून घोटी आणि राजूर ह्या मार्गाने गडाच्या पायथ्याचे पाचनई गाव गाठता येते. गडावर जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांतील नळीच्या वाटेसारख्या काही तरण्याबांड पोरांनाच शोभतात. पाचनईची वाट त्या मानाने सोपी. कातळाच्या कपारीखालून, ओढ्याच्या काठाकाठाने ती चढत जाते आणि दोनअडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी आणून सोडते. मंदिर कोरीव आणि देखणे. शेजारी पुष्करणी, तिच्या भिंतीत रांगेने कोनाडे. चांगदेवांनी येथे तप केले आणि तत्त्वसार हा ग्रंथ येथेच रचिला, अशी परंपरा आहे. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. तीत भले मोठे शिवलिंग थंडगार पाण्याच्या मध्यभागी उभे असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच काय तो शाबूत राहिला आहे. त्या एका खांबावरून लोक नाना भविष्ये सांगतात. त्यांत आम्ही शिरत नाही.

मंदिरापासून पश्चिमेस थोडे चालले की जमीन एकाएकी संपते. हाच कोकणकडा. सह्याद्रीचे इतर कडे उभे तुटलेले असतात. हा आत वळलेला आहे, नागाने फणा काढून पुढे झुकावे तसा. वरून पाहिला तर आकार घोड्याच्या नालेसारखा. काठावर पालथे पडून खाली डोकावे, कारण उभ्याने डोकावण्याची ही जागा नव्हे. खाली बेलपाड्याची शेते आणि झाडी खेळण्यातल्यासारखी दिसतात, आणि आपल्या छातीखालचा खडक मात्र दिसत नाही. तो आत गेलेला असतो. पावसाळ्याच्या दिवसांत खालून येणारा वारा असा जबर असतो की टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. धुके असेल आणि पाठीशी ऊन असेल, तर धुक्यावर पूर्ण वर्तुळाचे इंद्रधनुष्य उमटते. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ह्याचे वर्णन करून ठेविले आहे. आपले लोक त्यास इंद्रवज्र म्हणतात.

आता सूर्य बुडाल्यावरच्या छायाचित्राची अडचण काय, ती सांगणे प्राप्त आहे. हातात धरून कॅमेरा किती वेळ स्थिर राहतो, ह्याचा जुना ठोकताळा असा की, भिंग पन्नास मिलिमीटरचे असेल तर सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याहून अधिक वेळ झडप उघडी ठेवू नये. सूर्यास्तानंतर वीसपंचवीस मिनिटांनी आकाश निळेजांभळे होते आणि खालची दरी काळवंडते. त्या वेळी सर्व काही स्वच्छ उमटावयाचे तर झडप आठ सेकंद उघडी राहावी लागते. म्हणजे हाताच्या मर्यादेच्या चारशेपट. आमच्या हातांचे वय सदुसष्टाकडे झुकलेले. तेव्हा कॅमेऱ्याखाली काहीतरी अचल पाहिजे, ह्याविषयी वाद नाही.

आमचा नातू येथे वाद घालतो. त्याच्या मते हल्लीचे फोन अंधारातही उत्तम चित्रे घेतात. कॅमेऱ्यांतही आता थरथर शोषून घेणारी यंत्रणा असते. हे खरे आहे, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ज्यास चित्र फोनवरच पाहावयाचे व फोनवरच धाडावयाचे आहे, त्याने ह्या लेखाचा उर्वरित भाग सोडून द्यावा. त्यास कोणत्याही तिपाईची गरज नाही. पण दादांस चित्र दिसावयाचे तर ते दोन फूट बाय तीन फूट, कागदावर छापलेले पाहिजे होते. फोनवर घेतलेले चित्र आम्ही तेवढे मोठे करून पाहिले. तेव्हा झाडांची पाने पाने न राहता रंगाचे फराटे झाले होते.

पहिल्या खेपेस, २०२१ च्या डिसेंबरात, आम्ही एका स्नेह्याकडून जुनी तिपाई मागून नेली. अॅल्युमिनियमची, मजबूत, लग्नसमारंभात चित्रीकरण करणाराने वापरावी अशी. वाण्याच्या काट्यावर ती तीन किलो शंभर ग्रॅम भरली. घरी दिवाणखान्यात उभी केली तेव्हा तिचा भारदस्तपणा पाहून आम्ही प्रसन्न झालो. पाचनईस पिशव्या पाठीवर घेतल्या तेव्हा हिशेब कळू लागला. तिघांना मिळून पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. कॅमेरा आणि भिंग एक किलो. फराळ, बॅटऱ्या, स्वेटर वेगळे. तिपाई एकटी सगळ्या पाण्याच्या भारोभार होती! पहिल्या खड्या चढावरच आमचा ऊर भाता झाला. पुतण्या म्हणाला, "काका, मी घेतो." पण त्याच्या पाठीवर आधीच आमची निम्मी पिशवी होती. वाटाड्याने आमच्याकडे पाहिले, तिपाईकडे पाहिले आणि सौम्यपणे विचारले, "गुरुजी, हे लोखंड वर लागतंच का?"

पाणी टाकावे की तिपाई टाकावी, असा प्रश्न असता कोणीही जे करील तेच आम्ही केले. तिपाई एका घराच्या पडवीत ठेवून वर गेलो. त्या संध्याकाळी कोकणकड्यावर आकाशाने जे काही केले, ते वर्णन करण्याचे आमचे सामर्थ्य नाही. चित्रे आम्ही साठ घेतली. दगडावर कॅमेरा टेकवून घेतली, पुतण्याच्या खांद्यावर ठेवून घेतली, श्वास रोधून घेतली. घरी येऊन मोठी करून पाहिली तो खालच्या गावातील प्रत्येक दिवा गांडुळासारखा वळवळत होता. दादांस आम्ही सांगितले की ढग आले होते. खोटे बोललो, हे येथे कबूल करितो.

उत्तम पण घरी राहिलेली तिपाई म्हणजे तिपाई नसणेच होय. हा धडा आम्ही घेतला, परंतु उफराट्या बाजूने घेतला. आता हलकी म्हणजे हलकीच पाहिजे, असे ठरवून आम्ही बाजारातील सर्वांत हलकी तिपाई घेऊन आलो. वजन नऊशे ग्रॅम. पाच घड्यांचे पाय. मिटली म्हणजे छत्रीएवढी, उघडली म्हणजे डोळ्यांच्या उंचीची. किंमतही छत्रीहून फारशी अधिक नव्हे. २०२३ च्या जानेवारीत तिला घेऊन पुन्हा गडावर गेलो. चढ सुखाने चढलो. कड्यावर तिला पूर्ण उंच केली, मधला दांडाही वर ओढला, कॅमेरा बसविला; आणि खालून वारा आला. तिपाईच्या अंगावर शहारे उठलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. आठ सेकंदांत ती किती वेळा डोलली हे मोजण्यापूर्वीच ती कड्याच्या दिशेस कलली, आणि पुतण्याने झेप घालून कॅमेरा धरला. कॅमेरा वाचला. पुतण्या काठापासून दोन हातांवर होता. ते दृश्य आठवले म्हणजे अद्यापही आमच्या पायांतील बळ जाते. चित्र घेण्याचे त्या दिवशी कोणाच्याच मनात राहिले नाही. वहिनींना, म्हणजे त्याच्या मातोश्रींना, ही हकीकत आजवर ठाऊक नाही. त्या हे मासिक वाचतात, तेव्हा आता ठाऊक होईल.

शाळेत आम्ही तीस वर्षे संस्कृताबरोबर भूमितीही शिकविली. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून तीन पायांची वस्तू ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. आपली चूल तीन दगडांची असते ती ह्याचसाठी. हे फळ्यावर आम्ही किती वेळा काढून दाखविले असेल! परंतु न डुगडुगणे निराळे आणि न थरथरणे निराळे, हे मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते. पायाची नळी जितकी बारीक, तितकी ती वाकते. आणि वाकण्याचे गणित मोठे निर्दय आहे. नळीचा व्यास निम्मा केला आणि तिच्या भिंतीची जाडीही त्याच प्रमाणात उतरली, तर ताठपणा निम्मा उरत नाही, सोळावा हिस्सा उरतो. पाच घड्यांच्या पायात शेवटची घडी पेन्सिलीएवढी झालेली असते आणि सगळा भार तिच्याच डोक्यावर. मधला दांडा वर ओढला की तीन पायांवर चौथा, एकटा पाय उभा केल्यासारखे होते. तिपाईचे सारे पुण्य तेथे संपते.

पूर्वीच्या लोकांनी हे कसे निभावले असेल, असे मनात आल्यावाचून राहत नाही. मद्रासी पलटणीतील मेजर रॉबर्ट गिल ह्यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. ह्याच गिलसाहेबांनी पुढे कॅमेरा हाती घेतला, आणि पश्चिम हिंदुस्थानातील लेणी व मंदिरे ह्यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८६४ साली ग्रंथरूपाने निघाली. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून ती वाळण्याच्या आत चित्र घ्यावे व धुवावे लागे. म्हणजे लाकडी कॅमेरा, लाकडी घोडी, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाराचा तंबू, एवढा संसार डोंगरात न्यावयाचा. त्यांचे ओझे गाड्या आणि हमाल वाहत. आमचे आम्हांसच वाहावयाचे होते, आणि प्रश्न तेथेच अवघड होता.

त्या फेब्रुवारीत घरातील मंडळींसह वेरूळास गेलो होतो. शहाण्या माणसाने तिपाई लेण्यांत नेऊच नये. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत विशेष परवानगीवाचून ती लावू देत नाहीत. पहारेकऱ्याने अडविले ते रास्तच होते. दहा जणांनी दहा तिपाया मांडल्या तर यात्रेकरूंनी चालावे कोठून? पण विश्वकर्मा लेणे, ज्यास लोक सुताराची झोपडी म्हणतात, त्याच्या आत काळोख, आणि वरची दगडी फासळ्यांची कमान तर मनात भरलेली. येथे आमच्या सौभाग्यवतींनी जी युक्ती काढिली तिचा मान त्यांचा त्यांस दिला पाहिजे. त्यांनी जुन्या सतरंजीच्या तुकड्याची एक पिशवी शिवून आणली होती, कशासाठी ते आम्हांस सांगितले नव्हते. तीत बाजारातून घेतलेली अर्धा किलो मसूर भरली, तोंड बांधले, पिशवी लेण्याच्या जमिनीवर ठेवून म्हणाल्या, "ह्यावर टेकवा." कॅमेरा त्या पिशवीत पाखरू घरट्यात बसावे तसा बसला. झडप दोन सेकंद उघडी राहिली. चित्र असे स्वच्छ आले की फासळ्यांवरील छिन्नीच्या खुणा मोजाव्यात. घरी आल्यावर मसुरीची उसळ झाली. प्रवासात रिकामी न्यावी, मुक्कामावर मिळेल ते धान्य भरावे, परतताना खावे: वजन शून्य, खर्च शून्य, आणि कोणत्याही पहारेकऱ्यास हरकत घेण्याचे कारण नाही. ज्यांचा प्रवास मुख्यतः देवळे, वाडे आणि लेणी ह्यांचा आहे, त्यांनी ह्यापलीकडे काही विकत घेऊ नये, असे आमचे मत झाले आहे. पिशवी मात्र जमिनीवर अगर साध्या कठड्यावर ठेवावी. कोरीव कामावर कदापि नव्हे.

दुसरी एक फुकटातली युक्ती पुतण्याने दाखविली. कॅमेऱ्याच्या तळाशी जे भोक असते ते पाव इंची आट्यांचे. तेवढा आखूड बोल्ट घेऊन त्यास पुरुषभर दोरी बांधावी, बोल्ट तळात फिरवावा, दोरीचे टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ताणून धरावा. ताणामुळे हाताची वरखाली थरथर पुष्कळच मोडते. बोल्टावर एक नट आधी चढवून ठेवावा, म्हणजे तो जरुरीपेक्षा आत जाऊन तळ फोडणार नाही. दादांच्या जुन्या शिसवी काठीच्या मुठीवरही आम्ही लेथवाल्याकडून असाच एक आटा बसवून घेतला. चढावर काठी लागतेच; ती कॅमेऱ्याचा एकपायी आधार झाली, आणि वजन एक तोळाही वाढले नाही. वाकणाऱ्या पायांच्या लहान तिपायाही मिळतात, झाडाच्या फांदीस वेटोळे घालून बसणाऱ्या. त्या मुलांना आवडतात. कोकणकड्याच्या काठावर वेटोळे घालावयास फांदी नाही.

कारण ह्या सर्व युक्त्या कड्यापाशी येऊन थांबत. दोरी आणि काठी ह्यांनी अर्धा सेकंद निभेल, आठ सेकंद निभत नाहीत. पिशवी जमिनीवर ठेवली तर पुढचा खडकच चित्रात येतो. खालचे गाव दिसावयाचे तर कॅमेरा निदान कमरेइतका उंच आणि पुढे झुकलेला पाहिजे. फिरून तिपाईशीच येणे आले.

तिसरी निवडताना मात्र आम्ही घाई केली नाही. दुकानदारास आमचा कंटाळा येईपर्यंत तीन वेळा गेलो. प्रथम मधला दांडा खालीच ठेवून पाय पूर्ण उघडावयास लावले, आणि त्या स्थितीत तिपाई छातीपर्यंत आली की पुरे, असे ठरविले. डोळ्यांपर्यंत पाहिजे हा हट्ट सोडला की वजन लगेच उतरते. हल्लीच्या कॅमेऱ्याचा पाठीमागचा पडदा वर वळतो, त्यामुळे कंबरही वाकवावी लागत नाही. पाच घड्यांच्या ऐवजी चार घड्यांची पाहिली. मिटल्यावर ती चार बोटे लांब राहते, पण शेवटची नळी अंगठ्याएवढी मिळते. मग आमचाच कॅमेरा वर बसवून, भिंग जास्तीत जास्त लांबचे करून, पायावर टिचकी मारली आणि पडद्यातील चित्र किती वेळ थरथरते ते मोजले. एकीवर चार अंक मोजून झाले तरी थरथर चालूच. दुसरीवर दोन म्हणेपर्यंत थांबली. पेटीवर अमुक किलो भार पेलते असे छापलेले असते, त्यावर विसंबू नये. भार पेलणे म्हणजे न मोडणे. आम्हांस न हलणे पाहिजे होते.

धातूचा निर्णय शेवटी कार्बन फायबरवर येऊन ठेपला. फ्रान्सच्या गिट्झो कंपनीने १९९४ साली अशा तिपाया प्रथम बाजारात आणिल्या. आता पुष्कळ जण करितात. तेवढ्याच ताठपणाच्या अॅल्युमिनियमहून ही हलकी, थरथर लवकर जिरविणारी, आणि पहाटेच्या थंडीत हातास चटका न देणारी. उणेही आहे. अॅल्युमिनियमला मार बसला तर पोचा येतो. हिला कठीण खडकाचा घाव बसला तर तडा जातो. आणि किंमत! आमच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा तिसरा हिस्सा तीत गेला. डोक्यासकट वजन एक किलो तीनशे ग्रॅम. डोके गोळ्याचे घेतले, एकाच चावीने आवळणारे. तीन दांड्यांचे डोके मोजमापास चांगले, पण अंधारात तीन चाव्या शोधीत बसणे आमच्याने होत नाही. ज्यास ही किंमत झेपत नाही त्याने त्याच आकाराची अॅल्युमिनियमची घ्यावी. तीनचारशे ग्रॅम अधिक वाहावे लागतील, चित्रात फरक पडणार नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलकी ह्या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत कोणी दाखवू लागला, तर मात्र आमचा पुतण्या आठवावा.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, तिसऱ्यांदा गेलो. दादांस आता समोरचा चेहरा दिसत नसे. आवाजावरून ओळखीत आणि मान किंचित वळवून डोळ्याच्या कडेने पाहात. निघताना त्यांनी काठी आमच्या हाती दिली, एवढेच.

कड्यावर पोहोचलो तो सूर्य हातभर वर होता. पुतण्याची कमर आम्ही दोरीने मागच्या खडकास बांधिली. तो हसला, पण बांधू दिली. तिपाई काठापासून पुरुषभर मागे, जमीन जेथे उंचवटा घेते तेथे मांडली. शेवटची, सर्वांत बारीक घडी मुळीच उघडली नाही. पाय फाकवून ती कमरेएवढीच ठेविली. एक पाय भिंगाच्या रोखाने पुढे, दोन आमच्या बाजूस. मधल्या आकड्यास पिशवी अडकविली, पण लोंबकळत नव्हे. लोंबती पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि तिपाईसही देते. तिचा तळ जमिनीस टेकू दिला आणि आत दगड भरले. दगड वर फुकट मिळतात, ते नाशिकहून नेण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याचा गळ्यात घालावयाचा पट्टा वाऱ्यात फडफडतो, तो काढून खिशात घातला. कॅमेऱ्यातील थरथर शोषणारी यंत्रणा बंद केली, कारण अचल आधारावर कित्येक कॅमेऱ्यांत ती स्वतःच चळवळ करीत बसते. बटनास हात लागून धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांनी आपोआप झडप उघडेल असे लाविले. मग वाटाड्या आणि पुतण्या वाऱ्याच्या बाजूस खांद्यास खांदा लावून भिंतीसारखे बसले, आणि आम्ही वाट पाहू लागलो.

सूर्य गेला. प्रथम सर्व तांबडे झाले; ते आम्ही घेतले नाही. मग निळे उतरू लागले, कड्याचा समोरचा बाक जांभळा दिसू लागला, आणि वारा क्षणभर पडला. झडप उघडली. आठ सेकंद म्हणजे किती दीर्घ काळ असतो, हे पूर्वी आम्हांस ठाऊक नव्हते. एकंदर चित्रे नऊच घेतली. नंतर दिव्यांच्या उजेडात मंदिरापर्यंत, आणि तेथून वाटाड्याच्या मागोमाग पाऊल पाहून टाकीत पाचनईस उतरलो. दादांची काठी हाती होती, म्हणूनच आमचे गुडघे टिकले.

चित्र छापून आले त्या दिवशी ते दादांच्या पलंगासमोर खिडकीच्या उजेडात धरले. घरची सर्व मंडळी जमली होती. दादांनी मान डावीकडे वळविली, मग थोडी अधिक वळविली, आणि कडेच्या दृष्टीने ते चित्र वरून खाली हळूहळू पाहू लागले. कड्याच्या बाकापाशी त्यांचे बोट थांबले. "आम्ही येथे बसलो होतो," ते म्हणाले. बोट खाली सरकले. "हे काय? काचेवर धूळ आहे का?"

"धूळ नव्हे दादा, दिवे आहेत. बेलपाड्याचे."

"दिवे?" त्यांनी चित्र आणखी जवळ आणविले. "आमच्या वेळी खाली नुसता काळोख होता. एकसुद्धा दिवा नव्हता. किती आहेत?"

"मोजा," वहिनी म्हणाल्या.

दादांनी बोटाने एकेक ठिपका चाचपीत मोजले, अकरा भरले. रात्री सर्व निजल्यावर आम्ही भिंग घेऊन मोजले, तेव्हा चौदा झाले. पण दादांस ते आम्ही सांगितले नाही.